थंडींतली जुनी मोटार आणि तिची ऊब

(नभोवाणीवरील भाषण)



मोटारींतली ऊब वाढवावी कशी, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. तो ऐकून तुमच्यापैकीं पुष्कळांना हंसूं येईल. वैशाखांत उन्हांत उभ्या असलेल्या मोटारीच्या दारास ज्यानें एकदां हात लावला आहे, त्याला ऊब वाढविण्याची विद्या कशास हवी? परंतु ज्या घरांतला एखादा मुलगा, मुलगी किंवा पुतण्या विलायतेस गेलेला नाहीं, अशीं सुशिक्षित घरें आज आपल्याकडे थोडीं. वडील माणसें दोन-तीन महिने तिकडे राहून येतात आणि परत आल्यावर थंडीच्या गोष्टी सांगतात. माझी आजची गोष्ट त्यांतलीच आहे. ती जरा तपशीलवार आहे, आणि तिच्यांत माझी एक चूकहि आहे.

प्रथम माझा अधिकार सांगतों. मी मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाहीं. पस्तीस वर्षें मराठी शाळेंत गणित आणि सामान्य विज्ञान शिकविलें आणि निवृत्त झालों. मोटार मला चालवितांहि येत नाहीं. पण पाणी तापतें कसें, उष्णता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जाते कशी, हें मीं इतक्या मुलांना इतक्या वेळां सांगितलें आहे कीं, त्या मोटारीचें बॉनेट उघडून आंत पाहिल्यावर माझ्या वर्गांतल्या प्रयोगाचें साहित्यच कोणीं मांडून ठेवलें आहे, असें मला वाटलें.

माझा पुतण्या इंग्लंडांत डर्बी येथें नोकरीस आहे. त्यानें हौसेनें १९७२ सालची एक एम्. जी. बी. मोटार घेतली. ही दोन माणसांची, कापडी टपाची, ठेंगणी स्पोर्ट्स मोटार. टप मागें दुमडला कीं डोक्यावर आकाश. ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत या जातीच्या मोटारी बनत असत, आणि उघड्या व बंद अशा सर्व मिळून पांच लाखांहून अधिक बनल्या. आरंभींच्या वर्षांत हीटर हा या मोटारीबरोबर येतच नसे. ज्याला पाहिजे त्यानें जादा पैसे भरून तो बसवून घ्यावा. उघड्या मोटारींत बसणारा मनुष्य जाड कोट, हातमोजे आणि गळपट्टा घालूनच बसणार, हें तेव्हां गृहीत धरलेलें होतें. तेव्हां अशा मोटारीची ऊब ही घरच्या शेगडीसारखी असणार नाहीं, हें आधींच कबूल केलें पाहिजे. परंतु ती कमी असणें वेगळें, आणि मुळींच नसणें वेगळें.

डिसेंबर २०२२ मध्यें मी त्याच्याकडे होतों. एका शनिवारीं तो मला बक्स्टन दाखविण्यास घेऊन गेला. तें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें १००० फूट उंचीवर, डोंगराळ मुलुखांत वसलेलें आहे. तिकडे डिसेंबरांत चार वाजण्याच्या सुमारास सूर्य मावळतो. परततांना मॅटलॉककडे येणाऱ्या रस्त्यावर अंधार झाला, पाऊस भुरभुरत होता, आणि आम्हां दोघांच्या श्वासानें पुढची कांच आंतून पांढरी झाली. पुतण्या एका हातानें चाक धरी आणि दुसऱ्या हातांतल्या फडक्यानें कांच पुशी. पुसलेला भाग वीस अंक मोजेपर्यंत पुन्हां झांकोळे. हीटरचा पंखा घरघरत होता, पण त्यांतून येणारा वारा पायांना गारच लागत होता. अशांत त्या पुसलेल्या भागाच्या अगदीं कडेला एक तांबडा ठिपका दिसला. तो सायकलीचा मागचा दिवा होता. पुतण्यानें ब्रेक दाबला, गाडी थोडी घसरली, आणि सायकलवाल्यापासून चार हातांवर थांबली. त्या गृहस्थानें मागें वळून पाहिलें, हात वर केला, आणि तो आपल्या वाटेनें निघून गेला. आम्ही दोघे रस्त्याच्या कडेला गाडी लावून बराच वेळ कांहीं न बोलतां बसलों.

घरीं आल्यावर सूनबाईंना तें सांगावें कीं नाहीं, याचा विचार चालला होता. पण आमच्या तोंडाकडे पाहूनच त्यांनीं सारें ओळखलें. त्या म्हणाल्या, “काका, ही गाडी एक तर विकायला सांगा, नाहीं तर एप्रिलपर्यंत झांकून ठेवायला सांगा.” त्यांचें म्हणणें अगदीं वाजवी होतें. मीं एवढेंच म्हटलें कीं, मला आठ दिवस द्या.

आतां त्या वेळेपर्यंत पुतण्यानें काय केलें होतें तें ऐका. ऊब कमी येते, यावरून त्यानें असा निष्कर्ष काढला कीं पंखा दुबळा आहे. मूळच्या पंख्याला साध्या पात्यांची एक फिरकी असते आणि त्याला एकच वेग असतो. तो काढून त्यानें पिंजऱ्यासारख्या गोल पात्यांचा नवा, जोरदार पंखा बसविला. वारा दुप्पट झाला आणि थंडीहि दुप्पट झाली! चुलीवर भांडें तापत नाहीं म्हणून भांड्यावर फुंकर घालण्यासारखा हा प्रकार. फुंकर चुलींत घालावयाची असते. मोटारीच्या हौशी मंडळींत हीच चूक फार आढळते, कारण पंखा ही वस्तु दुकानांत तयार मिळते आणि विचार हा तयार मिळत नाहीं.

मोटारींतली ऊब कोठून येते? पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिचा ढोबळ मानानें तिसरा हिस्सा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यांत उतरतो, आणि जवळजवळ तितकीच धुराबरोबर बाहेर जाते. म्हणजे ऊब ही नव्यानें उत्पन्न करावयाची नसते. जी रेडिएटरमधून वाऱ्यावर जातच आहे, तिच्यांतली थोडी आपल्याकडे वळवावयाची असते. या मोटारींत इंजिनाच्या माथ्याच्या मागच्या अंगाला एक झडप आहे. ती उघडली कीं तापलेलें पाणी रबरी नळीनें हीटरच्या पेटींत जातें. पेटींत एक लहानसा रेडिएटर असतो, त्याला आपण गाभा म्हणूं. पाणी गाभ्यांतल्या बारीक नळ्यांतून फिरतें आणि दुसऱ्या नळीनें इंजिनाकडे परत येतें. पुढल्या कांचेच्या बुडाशीं असलेल्या जाळींतून बाहेरची हवा पेटींत येते, गाभ्यांतून जातांना तापते, आणि मग कांहीं पायांकडे, कांहीं कांचेकडे जाते. डॅशबोर्डवर दोन गोल खुंट्या असतात. एक पाण्याची झडप उघडते, दुसरी हवेला वाट दाखविते.

आपल्याकडचा जुना तांब्याचा बंब ज्यांनीं वापरला आहे, त्यांना हें समजण्यास अडचण पडूं नये. पाणी सुरेख तापलें आहे, पण तोटींत मळी बसली आहे, तर बादलींत धार यावयाची नाहीं. धार चांगली आहे, पण खालीं निखाराच नाहीं, तर गार पाण्याची बादली भरेल. आणि दोन्ही चांगलीं असून बादलीलाच भोंक असेल, तर न्हाणारा कुडकुडत बसेल. तीन ठिकाणें, आणि तिन्ही निरनिराळीं. दोष कोणत्या ठिकाणीं आहे, हें पाहिल्याशिवाय नवें कांहीं विकत घेऊं नये, एवढें मीं पुतण्याला सांगितलें. त्याला तें पटलें, कारण पंख्याची किंमत त्याला ताजी आठवत होती.

दुसऱ्या दिवशीं गाडी अर्धा तास हिंडवून आणल्यावर आम्हीं मोजमाप घेतलें. तिकडे पिस्तुलासारखें एक तापमापक यंत्र मिळतें; तें वस्तूच्या रोखानें धरलें कीं न शिवतां तापमान सांगतें. बाहेर ३ अंश होते. पाणी नेणारी नळी ७० अंश, परत येणारी ३६ अंश, आणि पायांशीं येणारी हवा २२ अंश. पुतण्या म्हणाला, “काका, पाणी ३४ अंशांनीं उतरतें आहे, म्हणजे गाभा उष्णता चांगली सोडतो आहे ना?” वर्गांतल्या हुषार मुलानें करावी अशीच ही चूक होती. पाणी पुष्कळ उतरतें, कारण तें गाभ्यांत पुष्कळ वेळ रेंगाळतें. आणि रेंगाळतें, कारण वाट तुंबलेली असते. ज्या गाभ्यांतून पाणी मोकळें वाहतें, त्यांत येणाऱ्या व जाणाऱ्या नळ्यांत फरक थोडा असतो.

हें त्याला पटविण्यासाठीं इंजिन पूर्ण निवाल्यावर परतीची नळी सोडून आम्हीं तिचें तोंड एका मापांत धरलें, दुसऱ्यानें पाव मिनिट इंजिन चालविलें, आणि आलेलें पाणी मोजलें. हिशेबानें मिनिटाला जेमतेम अर्धा लिटर पडलें. एक लिटर पाणी एक अंश उतरलें म्हणजे ४.२ किलोज्यूल उष्णता देतें. अर्धा लिटर, ३४ अंश; गुणाकार करा. सुमारें ७१ किलोज्यूल दर मिनिटाला, म्हणजे १.२ किलोवॅट. घरांतल्या विजेच्या लहान शेगडीएवढी ऊब, आणि तीहि फटींनीं भरलेल्या कापडी टपाच्या मोटारींत.

येथें एक सूचना अगत्यानें करतों. इंजिन तापलेलें असतांना या नळ्या कोणीं सोडूं नयेत, रेडिएटरचें झांकणहि उघडूं नये. आंतलें पाणी दाबाखालीं असतें आणि उसळून हात-तोंड भाजतें. दुसरें, बंद खोलींत मोटार चालू ठेवूं नये. धुरांतल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रंगहि नसतो, आणि मनुष्याला झोंप आली असें वाटतें तोंच तो जातो. तिसरें, या पाण्यांत गोठूं नये म्हणून इथिलीन ग्लायकोल मिसळलेलें असतें. तें चवीला गोड आणि जातीचें विष आहे. मुलांच्या किंवा कुत्र्या-मांजरांच्या तोंडाशीं येईल असें तें उघड्या भांड्यांत ठेवूं नये.

आतां दोष सांपडूं लागले. पहिला निखाऱ्याचा. डॅशबोर्डवरचा कांटा कधींच मधल्या खुणेपर्यंत चढत नसे. पाणी ठराविक तापमानाला येईपर्यंत रेडिएटरची वाट अडवून धरणारा थर्मोस्टॅट नांवाचा एक द्वारपाल इंजिनांत असतो. तो काढून पाहिला, तर त्याच्यावर ७४ हा आंकडा होता. या मोटारीसाठीं तीन प्रकारचे थर्मोस्टॅट असत: उष्ण देशांसाठीं ७४ अंशांचा, सर्वसाधारण ८२ अंशांचा, आणि थंड देशांसाठीं ८८ अंशांचा. म्हणजे पूर्वींच्या कोणा मालकानें नागपूरला शोभणारा द्वारपाल डर्बींत नेमून ठेवला होता. आम्हीं ८८ अंशांचा आणला. त्याला खर्च अगदीं थोडा आला.

दुसरा दोष झडपेचा. डॅशबोर्डवरची खुंटी पूर्ण फिरविली तरी झडपेची दांडी अर्ध्यावरच थांबत होती. तिला ओढणाऱ्या तारेचें वेष्टण आपल्या चिमट्यांतून सरकलें होतें. तें पूर्वींच्या जागीं घट्ट बसविलें कीं काम झालें. या एका कामास पैसाहि लागला नाहीं, आणि माझ्या मतें पंखा विकत घेण्यापूर्वीं पहिलें पाहावयाचें तें हेंच.

तिसरा दोष तुंबलेल्या गाभ्याचा, आणि येथें माझी चूक. गाभा धुण्याची रीत अशी कीं, दोन्ही नळ्या सोडून बागेच्या नळाचें पाणी परतीच्या तोंडानें, म्हणजे उलट दिशेनें आंत सोडावयाचें, म्हणजे अडकलेली मळी आली त्याच वाटेनें बाहेर पडते. हें काम हलक्या धारेनें, थांबून थांबून, एकदां उलट आणि एकदां सुलट असें करावयाचें. पहिल्या धारेबरोबर विटकरी रंगाचा चिखल आला. मला हुरूप चढला. बंबाला चिंच लावून घांसणाऱ्या माणसाचा तो हुरूप. पुतण्या म्हणाला, “काका, जरा हळू.” मीं नळ पूर्ण सोडला. पाणी स्वच्छ येऊं लागलें, मीं त्याच्याकडे विजयानें पाहिलें, आणि आंतून सूनबाईंचा आवाज आला कीं, गाडीच्या सतरंजीवर पाणी ठिबकतें आहे. पन्नास वर्षांच्या जुन्या डाकाच्या सांध्यावर मीं गांवच्या नळाचा सगळा दाब सोडला होता. सांधा उकलला.

हा दोष कोणा कारागिराचा नव्हे, मोटारीचा नव्हे, आणि नळाचाहि नव्हे. तो माझा. शाळेंत मुलांच्या हातून कांचेची नळी फुटली कीं मी त्यांना काय काय बोलत असे, तें सारें मला त्या रात्रीं आठवलें.

आतां पेटी बाहेर काढण्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. या मोटारीच्या मालकमंडळींत एक जुना विनोद आहे कीं, कारखान्यांत प्रथम हीटर हवेंत टांगीत आणि मग त्याच्याभोवतीं मोटार बांधीत. त्यांत अतिशयोक्ति फार नाहीं. पेटी इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या एका फळीवर बसलेली असते. तिच्या तारा डॅशबोर्डाखालून, कांचेकडे जाणाऱ्या नळ्या त्याच्याहि मागून, आणि स्क्रू अशा जागीं कीं बोटाला दिसतात पण डोळ्यांना दिसत नाहींत. पुतण्या दोन दिवस आसनावर पाठ टेकून, पाय वर करून उलटा पडला होता. मी बाहेरून दिवा धरीत असें आणि प्रत्येक स्क्रू निघाला कीं तो कागदावर नांव लिहून त्यावर चिकटवीत असें. माझ्या उपयुक्ततेची मर्यादा तेवढीच होती.

परंतु पेटी निघाली तेव्हां असें कळलें कीं, माझी चूक घडली नसती तर आम्हीं निम्मेच काम करून समाधान मानलें असतें. कारण बादलीचीं भोंकें पेटीच्या आंत आणि भोंवतीं होतीं. हवेची वाट बदलणाऱ्या झांपांच्या कडांना स्पंजाची पट्टी असते. तिचा काळा भुगा झाला होता. त्यामुळें खुंटी कांचेकडे फिरविली तरी हवा वाटेल तिकडे जाई. पेटी आणि पत्रा यांच्यामधली पट्टीहि तशीच गेलेली. तापलेली हवा निम्मी इंजिनाच्या खोलींत परत जात होती, म्हणजे ज्याच्याकडून ऊब घेतली त्यालाच ती परत! आणि कांचेकडे हवा नेणाऱ्या दोन लवचिक नळ्यांपैकीं एक आपल्या तोंडावरून निसटून डॅशबोर्डाच्या मागें लोंबत होती. चालकाच्या समोरची कांच का पुसली जात नसे, याचें उत्तर तेथें लोंबत होतें.

आणखी एक शोध लागला, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाहेरची हवा जेथून येते त्या जाळीच्या खालीं एक पोकळी आहे. जाळींतून पाऊसहि आंत येतो. तें पाणी खालीं सोडण्यास एक नळी असते. तिच्यांत कित्येक वर्षांचीं झाडांचीं पानें कुजून बुच बसलें होतें. पाणी पोकळींत साचे आणि मग झिरपून सतरंजीखालीं उतरे. सतरंजी उचलली तर खालचें अस्तर पिळून निघेल इतकें ओलें. आतां कांच का धुरकटते तें पाहा. शून्य अंशाच्या एक घनमीटर हवेंत फार तर ४.८ ग्रॅम बाष्प मावतें. २० अंशांच्या हवेंत १७.३ ग्रॅम मावतें. मोटारींतली कोंदट हवा सतरंजीतलें पाणी शोषून घेते, आणि थंड कांचेला लागतांच तिला तें पेलत नाहीं. तेंच कांचेवर जमतें. आम्ही श्वासाला दोष देत होतों. श्वासाचा वांटा होताच, पण मोटारींत आम्हीं अर्धी बादली पाणीहि बरोबर घेतलेलें होतें. सतरंज्या काढून घरांत चार दिवस वाळविल्या. नळींतलीं पानें एका लवचिक तारेनें काढलीं. हें काम ज्याला हीटरला हातहि लावावयाचा नाहीं, त्यानेंहि दरवर्षीं पावसाळी दिवसांपूर्वीं करावें.

गाभा नवा घेतला. जुना दुरुस्त करून मिळाला असता, पण सूनबाईंनीं दिलेली मुदत संपत आली होती. स्पंजाच्या पट्ट्या सगळ्या नव्या लावल्या. नळ्या बसविल्या. मग पाणी भरतांना एक काळजी घेतली: झडप पूर्ण उघडी ठेवून, गाडी चढावर तोंड वर करून उभी केली आणि सावकाश पाणी ओतलें, म्हणजे नळींत हवेचा बुडबुडा अडकून राहत नाहीं. असा बुडबुडा राहिला तर नवा गाभाहि थंडच राहतो आणि मनुष्य पुन्हां दुकानाकडे धांवतो.

शेवटीं फटी. त्या शोधण्याची युक्ति सूनबाईंची. इंजिन बंद, दारें बंद, आणि बाहेर वारा सुटलेला असतांना त्यांनीं देवघरांतली उदबत्ती आंत फिरविली. धुराची रेघ जेथें वांकली तेथें फट. पायाच्या पट्ट्यांजवळ पत्र्याला दोन उघडीं भोंकें सांपडलीं; त्यांतल्या रबरी चकत्या केव्हांच गळून पडल्या होत्या. दाराचें रबर एका बाजूला सुटलें होतें. ज्या गाडींत पेट्रोलचा थोडाहि वास येतो, तिच्यांत मात्र ही युक्ति कोणीं करूं नये. तेथें ओल्या हाताचा पंजाच फटीपुढें धरावा, गार लागतें.

सर्व झाल्यावर पुन्हां तीं मापें. बाहेर पुन्हां ३ अंश. जाणारी नळी ८४, येणारी ७४, मिनिटाला ४ लिटर पाणी. पायांशीं येणारी हवा ४८ अंश. उतार ३४ चा १० वर आला आणि उष्णता १.२ किलोवॅटवरून २.८ किलोवॅटवर गेली. पुतण्यानें आंकडे दोनदां लिहून पाहिले. आणि गंमत अशी कीं, तो जोरदार पंखा आतां उपयोगी पडला. गाभा तापलेला असला कीं मग जादा वारा म्हणजे जादा ऊब. वस्तु वाईट नव्हती, तिची पाळी चुकली होती.

या ठिकाणीं एका वस्तूविषयीं सांगितलें पाहिजे, कारण ती पुष्कळांना भेट म्हणून मिळते. मोटारींतल्या सिगारेट पेटविण्याच्या भोंकांत लावावयाचा विजेचा लहान हीटर बाजारांत असतो. मोटारीची वीज १२ व्होल्टची. अशा वस्तु बहुधा १५० वॅटच्या आसपास असतात. १५० कोठें आणि २८०० कोठें? असल्या वस्तूनें हाताचीं बोटें शेकावीं. तिच्या भरंवशावर डोंगरांतून गाडी आणूं नये.

ज्यांच्या मुलांनीं हवेनें थंड होणारी जुनी पोर्श किंवा फोक्सवॅगन घेतली असेल, त्यांना मात्र ही सगळी पाण्याची कथा लागू नाहीं. १९९८ पर्यंतच्या पोर्श ९११ मोटारींत इंजिन थंड करण्यास पाणीच नव्हतें. तेथें धुराच्या नळ्यांभोवतीं पत्र्याचें वेष्टण असतें आणि त्यांतून हवा खेळवून ऊब घेतात. तीं वेष्टणें आणि नळ्या गंजून भोंकें पडलीं तर उबेबरोबर धूरहि आंत येऊं शकतो. म्हणून तशा मोटारींत ऊब कमी आहे कीं अधिक, हा प्रश्न दुसरा; नळ्या धड आहेत कीं नाहींत, हा पहिला. तें काम जाणत्या कारागिराकडूनच तपासून घ्यावें.

जानेवारी २०२३ मध्यें परत निघण्याच्या आदल्या रविवारीं पुन्हां त्याच रस्त्यानें जाण्याचें ठरलें. या वेळीं पुतण्याच्या शेजारीं सूनबाई बसल्या. मी घरीं राहिलों, कारण आसनें दोनच. ते दोघे गेले तेव्हां तीन वाजले होते. साडेसहापर्यंत मी खिडकींत होतों. गाडी दारांत आली तेव्हां पुढची कांच या टोंकापासून त्या टोंकापर्यंत स्वच्छ होती, आणि सूनबाईंनीं गळपट्टा काढून मांडीवर ठेवला होता. गाडी विकण्याचा विषय त्या रात्रीं निघाला नाहीं, आणि मीहि काढला नाहीं.

पुतण्या दर जानेवारींत मला तींच चार मापें लिहून पाठवितो. यंदाच्या पत्रांत हवा ४६ अंश आहे, म्हणजे फारसें बिघडलेलें नाहीं. एक तक्रार मात्र आहे. शेजारीं बसणाऱ्याचा उजवा पाय अजून गार राहतो, असें सूनबाई म्हणतात. मीं उलट लिहिलें आहे कीं, गियरच्या दांड्याभोवतीं जो रबरी पडदा असतो तो फाटला आहे काय तें पाहा, आणि पाहण्यापूर्वीं उदबत्ती लावा.